तव्यावरची शोभा

माणूस समोर नसताना त्याचं नाव घेऊ नये, असं बाईंचं मत होतं. "नाव बोलवाले असते, चघळाले नाई," असं त्या म्हणायच्या. आता त्या नवऱ्याबरोबर गावी, अकोल्याकडे निघून गेल्या आहेत. म्हणजे समोर नाहीत. तेव्हा मीही इथे त्यांना नुसतं बाई म्हणते. पाठीमागे त्यांचं नाव घेण्याचं धाडस मला अजून होत नाही.

खराडीत कंपन्यांच्या एका मोठ्या इमारतीच्या तळघरात आमचं स्वयंपाकघर होतं. वर काचेच्या मजल्यांवर मुलंमुली कॉम्प्युटरपुढे बसायची, खाली आम्ही त्यांच्या पोळ्या लाटायचो. काम ठेकेदाराचं, त्यामुळे बाया सारख्या बदलायच्या. कुणी गरोदर राहिली, कुणाच्या नवऱ्याने घर बदललं, कुणाला घराजवळ काम मिळालं. म्हणून तिथे एक पद्धत पडली होती. नाव जागेला होतं, बाईला नव्हतं. मोठ्या तव्यापाशी सगळ्यात आधी कोणी शोभा उभी राहायची म्हणे. ती केव्हाच सोडून गेली, पण तव्यावर जी येईल ती शोभा. कणीक मळणारी मंगल. भांड्यांवरची रेखा. मी मंगल होते. माझ्याआधी कितीतरी मंगल होऊन गेल्या असतील.

बाई कामाला आल्या त्या दिवशी मॅनेजर निकमसाहेबांनी त्यांना तव्यापाशी उभं केलं आणि थोड्या वेळाने दारातून आवाज दिला, "शोभा, पोळ्या जाड होतायत."

बाईंनी मान वर केली नाही.

"शोभा! अहो शोभाबाई!"

बाई पोळी उलटत राहिल्या. शेवटी साहेब तव्यापर्यंत चालत आले. "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येते ना. शोभाले बोलावून राह्यले तुम्ही. आज आली नाई वाटते ते."

साहेबांनी पद्धत समजावून सांगितली. त्यांना वाटलं, नवीन बाई आहे, परगावची आहे, कळलं नसेल. "बाया बदलतात, तवा बदलत नाही. मी कुणाकुणाचं नाव लक्षात ठेवू?"

"बरोबर हाय," बाई म्हणाल्या. "समजलं मले, गायकवाड साहेब."

गायकवाड आधीचे मॅनेजर. तेलाचे डबे मागच्या दाराने विकताना सापडले आणि त्यांना घालवलं होतं. ही बातमी बाईंना पहिल्याच दिवशी कशी लागली कोण जाणे. निकमसाहेबांचे कान लाल झाले.

"मी निकम आहे."

"साहेब बदलते, खुर्ची बदलत नाई," बाई म्हणाल्या आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

आम्ही सगळ्या खाली बघत होतो. हसू आलं तरी हसायची सोय नव्हती. साहेब पुण्याचे, तेही काही कमी नव्हते. "बाई, इथे तुम्हाला पोळ्यांसाठी ठेवलंय, बारशासाठी नाही," असं म्हणून ते निघून गेले.

पण बाई मागे हटल्या नाहीत. त्या भांडायच्या नाहीत, आवाज चढवायच्या नाहीत. काम चोख करायच्या. फक्त ते शोभा म्हणाले की या गायकवाड म्हणायच्या, अगदी आदराने. एकदा वरच्या कंपनीचे कोणी मोठे पाहुणे स्वयंपाकघर बघायला आले. बाई तव्यापासून म्हणाल्या, "गायकवाड साहेब, पाहुण्यायले बसाले खुर्ची आणू का?" पाहुण्याने निकमसाहेबांकडे असं पाहिलं, की ते डब्यांचं प्रकरण त्याच्याही कानावर गेलं असणार. दुसऱ्या दिवशी साहेब आले, तव्यापाशी थांबले आणि बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने, पुढे ताई लावून म्हणाले, "जरा पोळ्या पातळ करा."

"करतो, निकम साहेब," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे बायकाही करतो, जातो असंच म्हणतात. त्या दिवशीच्या पोळ्यांतून पलीकडचं दिसत होतं.

बाईंचा राग विसरण्यावर नव्हता. कुणी दहादा नाव विचारलं तरी त्या दहादा सांगायच्या. न विचारता ठेवलेलं नाव तेवढं त्यांना चालायचं नाही. आणि जे स्वतःसाठी, तेच दुसऱ्यासाठी. वरून एक उंच मुलगा रोज दोन पोळ्या जास्त मागायला खाली यायचा. आंध्राकडचा. त्याचं नाव भलतंच लांब, म्हणून त्याचे मित्र त्याला वेंकी म्हणायचे. बाईंनी त्याला हिंदीत विचारलं, "तेरेको वेंकी अच्छा लगता क्या?"

तो लाजला. "घर में माँ चिन्ना बुलाती है, आंटी."

"तो इधर भी चिन्ना बोलूँ?"

त्याने थोडा विचार केला. "नहीं, वो घर का है."

"तो नहीं बोलती. पूरा नाम बता." मग चार दिवस त्या ते लांबलचक नाव पोळी लाटता लाटता घोकत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी ते न अडखळता म्हटलं, तेव्हा त्या पोराने टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "अब आंटी मत बोल. मेरा भी नाम है." तो पळालाच.

वाघोलीत त्यांच्या खोलीच्या आजूबाजूला बाईंचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणाने. त्यांचा नवरा एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. तो बाईंना नावाने हाक मारायचा आणि बाई त्याला नावाने. एकेरी नावाने, भर चौकात! शेजारच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. बाई म्हणायच्या, "मायवाला तं दिवसातून चार वेळा भाकर खाते. काई कमी नाई झालं त्याचं." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेले होते. सगळ्या बायका उखाण्यात लाजत लाजत नाव घेत होत्या. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी नुसतं नवऱ्याचं नाव घेतलं आणि तिळगूळ तोंडात टाकला.

"अहो, असं नाही, यमक जुळवून घ्यायचं!"

"रोजच घेतो मी. त्याले काय ढोलकी पायजे?"

मला त्यांचं सगळं पटायचं, पण जमायचं नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुले मंगल म्हणलं का तू धावतच जाते. काऊन?"

"काम तर मलाच सांगतात ना. नाव काही का असेना."

"अन् त्या नावानं शिवी देल्ली तं?"

"मग ती मंगलला लागते, मला नाही. बरंच आहे की."

बाई तवा सोडून हसल्या. "हुशार हायेस. पण उद्या शाबासकी देल्ली तं तेही मंगललेच जाईन."

मी कणीक मळत राहिले. तशी तिथे शाबासकी कोणी कुणाला देत नव्हतं, तो भाग वेगळा.

पुढे एकदा निकमसाहेबांनी माझ्याकडे बोट करून बाईंनाच विचारलं, "हिचं खरं नाव काय हो?" साहेब सुधारायला लागले होते.

"तिले तोंड हाय," बाई म्हणाल्या.

मी चौथीत शाळा सोडली. तोवर रोज हजेरीत माझं नाव आलं की 'हजर'सुद्धा मी तोंडातल्या तोंडात म्हणायचे. आता तर सगळ्यांची लाटणी थांबली होती. मी सांगितलं. साहेबांना ऐकू आलं नाही. मी बाईंकडे पाहिलं, त्या पोळपाटाकडे बघत होत्या, जणू त्यांचा काही संबंधच नाही. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेब "मंग..." म्हणून थांबले आणि मग त्यांनी माझं नाव घेतलं. इतक्या मोठ्याने माझं नाव लग्नात भटजींनी घेतलं होतं, त्यानंतर तेव्हाच. मला काही फार वेगळं वाटलं असं नाही. पण त्या दिवशी कणीक सुरेख झाली.

बाईंना एकच मुलगी. तिचं नाव गुंफा. हे बाईंच्या आईचं नाव. आई बाईंच्या लहानपणीच गेली, म्हणून पहिली मुलगी झाल्यावर त्यांनी तेच ठेवलं. त्यांच्या गावी या नावात नवल नाही. पण पोरगी वाढली वाघोलीत. शाळेत मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गुंफा? अजिंठ्याची का वेरूळची?" सगळा वर्ग हसला. बाईंनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्या थेट वर्गात जाऊन उभ्या राहिल्या. "हे माह्या मायचं नाव हाय. नीट घ्या," असं सांगितलं आणि मास्तरांनी ते नीट घेईपर्यंत हलल्या नाहीत. ही गोष्ट बाई मोठ्या अभिमानाने सांगायच्या. मुलगी तेव्हा जवळ असली तर काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. गप्प माणसांना दुसऱ्या गप्प माणसांचं कळतं.

मुलगी मोठी झाली, खराडीतच एका दवाखान्यात काउंटरवर बसू लागली. तिचं लग्न ठरलं मांजरी गावच्या मुलाशी, प्रशांतशी. मुलगा चांगला, घरचे चांगले. बोलणी झाली, मानपान ठरले, आणि मुलाची आई उठता उठता म्हणाली, "आमच्यात सुनेचं नाव बदलतात हं. तांदळात लिहितात. मुलाला सायली आवडलंय."

दुसऱ्या दिवशी तव्यावरच्या पोळ्या करपल्या. असं कधी झालं नव्हतं.

"घरात सून आणून राह्यले का तव्यावर शोभा ठेवून राह्यले?" बाई म्हणाल्या. "जागा तेच, बाई बदलली, ठेवा नाव! माह्या पोरीले नाव हाय."

भांड्यांवरची बाई म्हणाली, "अहो, सगळ्यांचंच बदलतात. माझंही बदललं होतं."

"मंग तुले कोणत्या नावानं स्वप्नात हाक येते?"

ती घासणी घेऊन वळली. बाईंनी ठरवलं होतं. रविवारी मांजरीला जायचं आणि सांगायचं, नाव राहील तर लग्न, नाहीतर नाही. "मोडलं तं मोडू दे," त्या म्हणाल्या. त्या नुसतं बोलायच्या नाहीत, हे निकमसाहेबांना जेवढं माहीत होतं तेवढंच मला. आणि त्या मुलीला तो मुलगा मनापासून आवडला होता, हेही मला माहीत होतं.

शनिवारी दुपारी जेवणाची गर्दी ओसरली होती. मी मागच्या गेटपाशी कणकेची पोती मोजून घेत होते, तिथे मुलगी आली. दवाखान्याचा निळा कोट तिच्या अंगावर तसाच होता.

"मावशी, आई उद्या जाणार आहे ना तिकडे?"

"हो."

"तिला सांगा ना, जाऊ नको म्हणून." मग तिचे डोळे भरले. "नाव त्यांनी नाही सुचवलं. मीच सांगितलं प्रशांतला. सायली मला आवडतं. शाळेत असल्यापासून आवडतं. आईला नाही सांगू शकत मी."

माझी मोजणी चुकली. पोत्यावरचा हात तसाच राहिला. लग्न मोडायला निघालेल्या बाई, आणि ज्या नावासाठी त्या निघाल्या होत्या तेच पोरीला नको होतं.

"तुम्ही सांगा. तुमचं ऐकते ती."

"माझ्याने नाही होणार," मी म्हटलं. "आणि तुझं नाव मी कसं सांगणार? ते तूच सांगायला पाहिजे. तू सांगशील तेव्हा मी शेजारी उभी राहीन. तेवढं जमेल मला."

आम्ही दोघी आत गेलो. बाई तवा घासत होत्या. मुलीने सांगितलं. सुरुवात नीट झाली नाही, मधेच अडकली, पण सांगितलं.

बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही."

"कवापासून?"

"मास्तर हसले तेव्हापासून."

"त्यायच्याशी भांडाले मी गेलो होतो."

"हो ना आई. तू भांडलीस, म्हणून तर मला बोलता आलं नाही. तुझ्यानंतर ते नाव नीट घ्यायला लागले, पण पोरं मधल्या सुट्टीत जास्तच चिडवायची. तुला काय सांगू? तू एवढी खूश होतीस."

बाईंनी काथ्या खाली ठेवला. हात ओले तसेच राहिले.

"मंग इतके वर्स मी तुले चुकीच्या नावानं हाका मारल्या."

"चुकीच्या नाही गं..."

"आवडते का तुले ते?"

मुलगी खाली बघत राहिली. "नाही."

"मंग चुकीच्याच."

 मला वाटलं, आता त्या ओरडतील किंवा रडतील. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "उद्या मांजरीले नाई जात मी." मुलगी त्यांच्या गळ्यात पडायला गेली, तर म्हणाल्या, "राहू दे, कोटाले राख लागते." ती गेल्यावर मात्र त्यांनी घासलेला तवाच पुन्हा घासायला घेतला. मला म्हणाल्या, "आता मायच्या नावानं हाक माराले घरात कोणी राह्यलं नाई." एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पण खरी पंचाईत पुढे होती. ते नवीन नाव त्यांच्या तोंडात बसेना. जिभेवर जुनंच यायचं. लग्नापर्यंत सवय व्हायला हवी होती, मुलीसमोर अडखळायचं नव्हतं, आणि समोर नसलेल्या माणसाचं नाव घेणं तर त्यांच्या नियमात बसत नव्हतं. तोड त्यांनीच काढली. मला परातीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "मी हाक मारतो, तू ओ दे."

"गुं... सायली!"

"ओ."

"जरा लांब जाऊन उभी राह्य. लांबून माराची हाय हाक."

मी दारापाशी गेले. माझं स्वतःचं नाव मिळाल्यापासून पहिल्यांदाच मी दुसऱ्या नावाला ओ देत होते, आणि खुशीने देत होते. निकमसाहेब दारात आले. "काय हो ताई, मंगलची आता सायली केलीत का?"

दुसरा दिवस असता तर साहेब पुन्हा गायकवाड झाले असते. बाई म्हणाल्या, "म्हणा साहेब, आज म्हणून घ्या. आज मी चुकून राह्यलो."  जाताना साहेबही हळूच "सायली" असं म्हणून गेले, मदत म्हणून.

लग्न वाघोलीच्या एका हॉलमध्ये झालं. तांदळातलं नावही आजकाल तिथेच उरकतात, रात्रीपर्यंत कोण थांबतं. मुलाने ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहिलं, गुरुजींनी ते मोठ्याने सांगितलं, पेढे वाटले. अकोल्याकडून बाईंचा भाऊ आला होता. त्याने पेढा हातातच धरला.

"अव, मायचं नाव पुसलं तू!"

"माय गेली," बाई म्हणाल्या. "पोरगी हाय. जे हाय तिले इचारलं मी."

 भावाने पेढा खाल्ला, पण चवीने नाही. बाई स्वतः ताट घेऊन पंगतीत फिरल्या. ज्याने ज्याने विचारलं, त्याला नवीन नाव सांगितलं. पण मी बघत होते. मुलीला समोर त्यांनी अजून त्या नावाने हाक मारली नव्हती. दिवसभर "इकडे ये", "आयक", "पदर सांभाळ" असंच चाललं होतं.

पाठवणीला सगळे हॉलच्या फाटकापाशी जमले. मुलगी रडत रडत सगळ्यांच्या पाया पडली. बाई काही रडल्या नाहीत. ती गाडीकडे चालू लागली, आणि कुणाच्यातरी लक्षात आलं की ओटीचा नारळ टेबलावरच राहिला. मामाने तो उचलून बाईंच्या हातात दिला. मुलगी पुढे गेली होती, मधे सगळी गर्दी, वरातीचा बेंजो वाजत होता. हाक मारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मामाने तोंड उघडलं, तशी बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"सायली!"

मुलगी वळली नाही.

बेंजोवाल्याला कुणी खूण केली, तो थांबला. बाईंनी पुन्हा हाक मारली, मोठ्याने. "सायली!"

मुलगी गाडीच्या दारात पाय ठेवत होती. तिने इकडे तिकडे पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत, आणि पुन्हा आत वाकली. अजून कुणी तिला त्या नावाने हाक मारलेलीच नव्हती.  बाईंचा चेहरा मी बघितला. जुनं नाव अगदी ओठावर होतं. ते म्हटलं असतं तर पोरगी एका क्षणात वळली असती.

बाईंनी नारळ काखेत धरला, गर्दीतून वाट काढत दोन पावलं पुढे गेल्या आणि तिसऱ्यांदा हाक मारली. "सायली! अव सायली!"

तेव्हा ती वळली. आईला बघून गाडीतून उतरली आणि तशीच पळत आली.

"मला वाटलं, दुसऱ्याच कोणाला..."

"तुलेच बोलावून राह्यलो," बाई म्हणाल्या. "धर. नारळ राह्यला तुहा."